फ्लायस्कायचा ट्रान्समीटर, स्पेक्ट्रमचा रिसीव्हर आणि ५००० ची बॅटरी: पहिल्या विमानाला यातलं काय जुळेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं, रिमोटवर उडणारं ट्रेनर विमान, म्हणजे शिकण्यासाठीचं, तयार आहे. पंखांची एकूण लांबी १.२ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर, बॅटरी सोडून वजन ६५० ग्रॅम. मोटर ए२२१२, १००० केव्हीची. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, ३० अँपिअरचा. ९ ग्रॅमचे चार सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीवरच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी. ओळखीतून फ्लायस्कायचा एफएस-आय६ ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, मिळाला आहे, पण विमानात बसवायच्या रिसीव्हरशिवाय. दुकानात स्पेक्ट्रमचा रिसीव्हर शिल्लक आहे आणि दुकानदार म्हणतो, "दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचेच, चालेल की." घरी ड्रोनसाठी घेतलेली ३एस, म्हणजे तीन सेलची, ५००० एमएएचची बॅटरी पडून आहे. एवढ्यावर उडवता येईल का?

रिसीव्हर चालणार नाही. बॅटरी चालेल, पण लावू नका. या दोन उत्तरांतला फरक लक्षात घ्या. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एक तर जुळतात किंवा जुळत नाहीत; नाही जुळले तर टेबलावरच कळतं आणि नुकसान फार तर परत करायच्या पार्सलचं. बॅटरी, ईएससी, मोटर, सर्व्हो यांचं तसं नाही. ते अर्धवट जुळले तरी टेबलावर सगळं छान फिरतं आणि खोट हवेत दिसते. नवखी माणसं रेडिओवर आठवडाभर खल करतात आणि बॅटरी दुकानात पाच मिनिटांत उचलतात. खरं तर उलटं करायला हवं.

तरी आधी रेडिओचा विषय संपवू. २.४ गिगाहर्ट्झ हा फक्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा झाला. घरातला वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात आहेत, म्हणून काही ते रिसीव्हरशी बोलू शकत नाहीत. आकाशवाणी पकडायच्या जुन्या रेडिओसारखं इथे केंद्र लावून भागत नाही, कारण कोणत्या क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलायची आणि माहिती कशी बांधून पाठवायची, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं आहे. फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स, फुताबाचं एस-एफएचएसएस किंवा फास्ट, फ्रस्कायचं एसीसीएसटी आणि एसीसीईएसएस, शिवाय कोणत्याही एका कंपनीचं नसलेलं एक्सप्रेसएलआरएस. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही.

बरं, कंपनी एक असली म्हणून जुळेलच असंही नाही. फ्लायस्कायचे नवे एएफएचडीएस ३ चे रिसीव्हर आय६ ला जोडले जात नाहीत. फ्रस्कायच्या एसीसीएसटीमध्ये ट्रान्समीटरवर युरोपचं फर्मवेअर आणि रिसीव्हरवर बाकी जगाचं असेल, तर दोन्ही चांगले असूनही बाइंड होत नाहीत, म्हणजे एकमेकांना जोडले जात नाहीत. एक्सप्रेसएलआरएसमध्ये दोन्हीकडच्या आवृत्तीचा पहिला आकडा सारखा लागतो. २ वाला ३ वाल्याला ओळखत नाही. म्हणून रिसीव्हर घेताना डब्यावरचं "२.४" वाचू नका, प्रोटोकॉलचं नाव वाचा.

तुमच्या आय६ साठी एफएस-आयए६बी घ्या. सहा चॅनेल, दोन अँटेना, एएफएचडीएस २ए, आणि रिसीव्हरला मिळणारा व्होल्टेज ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसतो. ही शेवटची सोय पुढे कामाची आहे. ट्रेनरला चार चॅनेल पुरतात: एलिरॉन (पंखावरची, विमान कलवणारी पट्टी), एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी). सहा असले की दोन्ही एलिरॉन वेगळे चालवता येतात, पुढे फ्लॅपही लावता येतात.

स्पेक्ट्रमचा रिसीव्हर बसवलेलं बीएनएफ विमान, म्हणजे रिसीव्हरसकट येणारं पण ट्रान्समीटरशिवाय विकलं जाणारं, स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचं असेल तर मात्र थांबून विचार करा. अशा विमानात स्थिरता सांभाळणारा जायरो बऱ्याचदा रिसीव्हरमध्येच असतो आणि त्याच्या सेटिंग्ज त्या विमानापुरत्या बसवलेल्या असतात. रिसीव्हर काढून फ्लायस्कायचा लावलात तर विमान उडेल, पण ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच गेली. त्यातल्या अगदी छोट्या विमानांत रिसीव्हर, ईएससी आणि कधीकधी सर्व्होही एकाच सर्किट बोर्डवर असतात. तिथे बदलायला जागाच नाही. अशी विमानं घ्यायची तर ४-इन-१ मॉड्यूलचा ट्रान्समीटर घ्यावा, जसा रेडिओमास्टरचा टीएक्स१६एस. त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात, त्यामुळे फ्लायस्काय, स्पेक्ट्रम, फ्रस्काय आणि बऱ्याच खेळण्यांशीही तो बोलतो. पण तोच ट्रान्समीटर एक्सप्रेसएलआरएस आवृत्तीतही विकला जातो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ऑर्डर देताना आवृत्ती तपासा. सोबत येणारे माहीतगार लोक ज्या प्रोटोकॉलवर आहेत तोच घेतलात तर शिकताना त्यांचा ट्रान्समीटर ट्रेनर म्हणून जोडणं सोपं जातं, म्हणजे तुम्ही चुकलात की ताबा ते घेतात. पहिल्या पाच-दहा उड्डाणांत ही सोय कोणत्याही जायरोपेक्षा मोलाची.

आता एक जागा जिथे बोट कापतं. चॅनेलचा क्रम. फ्लायस्काय आणि फुताबामध्ये १ एलिरॉन, २ एलेव्हेटर, ३ थ्रॉटल, ४ रडर. स्पेक्ट्रममध्ये १ थ्रॉटल, २ एलिरॉन, ३ एलेव्हेटर, ४ रडर. स्पेक्ट्रमच्या सवयीने ईएससीची वायर एक नंबरला खोचली तर आय६ वर ती एलिरॉनला जाते, आणि एलिरॉनची स्टिक मधोमध असते म्हणजे मोटरला अर्ध्या थ्रॉटलचा हुकूम. बहुतेक ईएससी अशा वेळी चालू व्हायला नकार देतात. सगळेच देतात असं नाही. म्हणून सगळी जोडणी आणि बाइंडिंग प्रॉपेलर काढूनच करा. दहा इंची प्रॉपेलर बोटाला विचारत नाही.

बाइंड करताना: ईएससीची वायर तीन नंबरला, बाइंड प्लग 'बी/व्हीसीसी' लिहिलेल्या जागी, मग बॅटरी जोडा. रिसीव्हरचा दिवा भराभर लुकलुकतो. ट्रान्समीटरचं बाइंड बटण दाबून धरत तो चालू करा. लुकलुक बदलली की प्लग काढा, दोन्ही बंद करा, पुन्हा आधी ट्रान्समीटर आणि मग विमान चालू करा. दिवा स्थिर राहिला की झालं. सर्व्होच्या वायरीत तपकिरी किंवा काळी म्हणजे ऋण, मधली लाल, आणि नारिंगी किंवा पांढरी म्हणजे सिग्नल. उलटी खोचली तर लाल मधेच राहते, त्यामुळे सहसा काही जळत नाही. सर्व्हो फक्त हलत नाही.

मग फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं ते आय६ मध्ये रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्वतः भरावं लागतं. तिसऱ्या चॅनेलला थ्रॉटल पूर्ण खाली, बाकीच्यांना मधोमध. भरलं की लगेच तपासा: प्रॉपेलर काढलेला, थ्रॉटल अर्ध्यावर, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. हे न केलेलं विमान सिग्नल गेल्यावर मोटर चालू ठेवून कुठवर जाईल ते वारा ठरवतो.

अँटेनांबद्दल लोक हमखास चुकतात. तारेचं शेवटचं ३१ मिलिमीटर, म्हणजे ज्याच्यावर जाळी नसते ते टोक, तेवढंच सिग्नल पकडतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा तो चौथा हिस्सा. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवा, टोकं सरळ ठेवा, बॅटरी, मोटरच्या तारा आणि कार्बनच्या दांड्या यांपासून दूर. फोम आणि कोरोप्लास्टमधून सिग्नल आरपार जातो, कार्बनमधून जात नाही. तार लांब वाटली म्हणून गुंडाळून टेपखाली चेपू नका.

एक्सप्रेसएलआरएस घेणाऱ्यांसाठी एकच इशारा: त्याच्या बहुतेक मोडमध्ये पाचवं चॅनेल फक्त चालू-बंद असतं. ड्रोनवाल्यांना तिथे मोटर आर्म, म्हणजे फिरायला सज्ज, करायची असते म्हणून ती रचना आहे. विमानात दुसरा एलिरॉन सवयीने पाचला लावला तर तो एक तर पूर्ण वर जाईल, नाही तर पूर्ण खाली. सहाला लावा. आणि परदेशातून ९१५ मेगाहर्ट्झचे संच मागवू नका. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तसाच ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचाही; ९१५ त्यात येत नाही. ट्रेनर डोळ्यांसमोर २०० ते ३०० मीटरमध्येच उडवायचं असतं, त्याला २.४ भरपूर झालं.

आता वीज. सुरुवात बॅटरीपासून करू नका, वजनापासून करा. तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ १२ गुणिले २, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. ३एस २२०० ची बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास भरते. विमान ८३० ग्रॅमचं होतं आणि दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम पडतात. शिकण्यासाठी ३० ते ४० हा आरामाचा भाग. ५००० ची बॅटरी ४०० ग्रॅमच्या आसपास असते. विमान १०५० ग्रॅम, आणि आकडा ४४ वर जातो. वजन २६ टक्क्यांनी वाढलं तर ज्या वेगाला पंख हवा सोडतो तो वेग साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण उतरताना जमिनीवर आपटणारी ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या हिशोबाने ६० टक्क्यांनी वाढते, आणि नवख्याचं उतरणं म्हणजे बऱ्याचदा आपटणंच. शिवाय नाकात ४०० ग्रॅम बसवल्यावर गुरुत्वमध्य जागेवर आणायला ती मागे ढकलावी लागते आणि तिथे जागा नसते. २० सेंटिमीटर रुंद पंखाला गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर हवा. तिथे दोन बोटांवर विमान सपाट किंवा नाक किंचित खाली राहिलं पाहिजे. शेपटी खाली जात असेल तर उडवूच नका.

मोटर १००० केव्हीची म्हणजे भाराशिवाय एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे. ३एस आणि १० गुणिले ४.५ इंची प्रॉपेलर, यावर ती पूर्ण थ्रॉटलला साधारण १२ ते १५ अँपिअर ओढते. भाराखाली ११ व्होल्ट धरले तर १४० ते १५० वॉट, म्हणजे किलोला १७५ च्या आसपास. ट्रेनरला किलोमागे ११० ते १७५ वॉट पुरतात, तेव्हा शक्ती भरपूर आहे. उलट मोटरच्या दृष्टीने हे वरच्या टोकाला आहे. उड्डाणानंतर तिला हात लावा. तीन सेकंद बोट ठेवता येत नसेल तर नऊ इंची प्रॉपेलरवर या. आणि वॉटमीटर घ्याच. या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू ती.

"४एस लावली तर जास्त जोरात जाईल ना?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. तोच प्रॉपेलर ठेवून ३ ऐवजी ४ सेलचा व्होल्टेज दिला तर प्रवाह साधारण वर्गाने वाढतो: १३ अँपिअरचे २३ होतात. ईएससीवर ३० लिहिलंय म्हणून तो तग धरेल, मोटर नाही. आधी चुंबकं तापून ताकद सोडतात, मग तारेवरचा लेप जळतो. सेल वाढवले की प्रॉपेलर लहान करावा लागतो, त्याला पर्याय नाही.

बॅटरीवरचा 'सी' म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह ती देऊ शकते. २२०० एमएएच २५सी म्हणजे लेबलवर ५५ अँपिअर. स्वस्त बॅटऱ्यांवरच्या या आकड्याचा निम्माच धरा: २७. तुम्हाला हवेत १५. ठीक. वजन वाचवायला कोणी १००० एमएएच २०सी सुचवली, तर लेबलवर २० आणि निम्मे १०; ती पहिल्या चढाईलाच व्होल्टेज सोडेल आणि महिन्याभरात फुगेल. ३एस १३०० किंवा १५००, ३०सी पासून पुढची, या विमानाला चालेल, उड्डाण थोडं लहान होईल. कनेक्टर एक्सटी६० ठेवा आणि सगळ्या बॅटऱ्यांना तोच ठेवा. छोट्या विमानांचे लाल जेएसटी कनेक्टर दोन-चार अँपिअरच्या कामाचे. अडॅप्टर जोडून त्यातून १५ ओढू नका.

आता ज्या गोष्टीमुळे "अचानक सिग्नल गेला" असं लोक म्हणतात आणि जी बहुतेक वेळा सिग्नलची नसतेच, ती. रिसीव्हरला आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा बीईसी ईएससीच्या आतच असतो. स्वस्त ३० अँपिअरच्या ईएससीत तो २ अँपिअरचा आणि लिनिअर प्रकारचा असतो, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो उष्णता करून जाळतो. भरलेल्या ३एसवर १२.६ उणे ५, म्हणजे प्रत्येक अँपिअरमागे ७.६ वॉट उष्णता, ४एसवर ११.८. तिकडे ९ ग्रॅमचा सर्व्हो मोकळा हलताना अँपिअरचा दहावा-पाचवा हिस्सा घेतो, पण अडकला की ०.६ ते ०.७. चारही एकदम जोर लावत असतील तर २.६ अँपिअर. बीईसी वाकतो, व्होल्टेज साडेतीनच्या खाली जातो, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांत विमान आपल्या मर्जीने जातं. खाली पडल्यावर उचलून पाहिलं तर सगळं व्यवस्थित चालतं. मग दोष ट्रान्समीटरला.

उपाय दोन. पहिला फुकट आहे: बिजागऱ्या मोकळ्या आहेत का पाहा. सर्व्होची दांडी काढून एलिरॉन बोटाने हलवा; स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. स्टिक मधे असताना सर्व्हो गुणगुणत असेल तर तो सतत काहीतरी ढकलतोय. दुसरा उपाय ३ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी, म्हणजे ईएससीच्या बाहेर वेगळा बसवायचा बीईसी: बॅटरीच्या तारांना जोडायचा, रिसीव्हरच्या रिकाम्या जागी खोचायचा, आणि ईएससीच्या तीन तारांतली लाल पिन काढून टेप लावून ठेवायची, नाही तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. तुमच्या विमानाला ३एसवर, बिजागऱ्या मोकळ्या असतील तर, आतला बीईसी पुरेल. खात्री करायला चारही सर्व्हो अर्धा मिनिट स्टिक गोल फिरवून एकदम हलवा आणि पडद्यावरचा रिसीव्हरचा व्होल्टेज पाहा. ४.८ च्या खाली डोकावत असेल तर यूबीईसी लावा.

ईएससी नवा असेल तर थ्रॉटलची दोन टोकं शिकवावी लागतात: प्रॉपेलर काढा, स्टिक पूर्ण वर, ट्रान्समीटर चालू, बॅटरी जोडा, दोन बीप झाले की स्टिक पूर्ण खाली. त्याच्या प्रोग्रॅममध्ये बॅटरीचा प्रकार लायपो (लिथियम पॉलिमर, म्हणजे तुमची बॅटरी) आहे ना ते पाहा. एनआयएमएचवर राहिला असेल तर तो लायपोला वेळेवर थांबवत नाही. तसंही ईएससीच्या कटऑफवर विसंबू नका, तो सेलमागे ३ व्होल्टच्या जवळ येतो आणि तोवर बॅटरीचं आयुष्य खाल्लेलं असतं. सेल मोजणारा छोटा बझर बॅटरीच्या पातळ तारांच्या, बॅलन्सच्या कनेक्टरला लावून ३.५ वर ठेवा आणि ट्रान्समीटरवर टायमर लावा. २२०० पैकी ८० टक्के, म्हणजे १७६० एमएएच वापरायचे. पहिलं उड्डाण ७ मिनिटांचं ठेवा. घरी चार्जरने किती परत भरले ते पाहा. समजा ११०० भरले, तर मिनिटाला १५७ लागतात आणि तुमचा खरा टायमर ११ मिनिटांचा. १० लावा, एक मिनिट दुसऱ्यांदा फिरून उतरायला.

चार्जिंग १सीने, म्हणजे २२०० ला २.२ अँपिअर, नेहमी बॅलन्स मोडमध्ये, फरशीवर, समोर माणूस असताना. भरलेला सेल ४.२ व्होल्ट. दोन दिवसांत उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत महिनाभर भरून ठेवलेल्या बॅटऱ्याच जास्त फुगतात. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, विदर्भात तर मुळीच नाही. फुगलेली बॅटरी टाचणीने "हवा काढून" वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासूनही लांब राहा.

मैदानावर निघण्याआधी ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' संकेतस्थळाच्या नकाशावर जागा पाहून घ्या; हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पोचल्यावर रेंज तपासा. कमी शक्तीचा रेंज मोड असेल तर त्यावर ३० पावलं, नसेल तर मदतनीसाने विमान धरून तुम्ही शंभर-दीडशे मीटर चालत जा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. मोटर चालू केल्यावरच सर्व्हो थरथरत असतील तर अँटेना किंवा रिसीव्हर मोटरच्या तारांना खेटलाय. शेवटी दिशा: स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलिरॉन वर, स्टिक पोटाकडे ओढली की एलेव्हेटर वर. विमानाच्या मागे उभं राहून पाहा, समोरून नको.

आणि ती ५००० ची बॅटरी विकू नका. तुमचा चार्जर ११ ते १८ व्होल्ट डीसी घेणारा असेल, तर मैदानावर तीच त्याला जोडा. तिच्यात ५५ वॉट-तास आहेत आणि २२०० ला ८० टक्के भरायला, गळती धरून, चोवीसेक लागतात. एकदा नक्की आणि दुसऱ्यांदा जवळजवळ पूर्ण भरते. तिचा सेल ३.७ वर आला की थांबा.